पाळी, पिशवी, गर्भपाताचा सर्व्हे दारात आला तर सही करायच्या आधी काय विचारायचं

गावात, वस्तीवर, हॉस्टेलवर फॉर्म घेऊन कोणीतरी येतं, सोबत ओळखीच्या आशाताई असतात म्हणून आपण बसतो, आणि मग पाळी कधी येते, किती वेळा दिवस गेले, कधी गर्भ पाडला का असे प्रश्न सुरू होतात. असं संशोधन व्हायलाच पाहिजे हो, गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, 1989 ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. विचारलंच नसतं तर कळलं नसतं. पण उत्तर द्यायचं की नाही हे ठरवायचं तुम्ही.

आधी माहितीपत्रक मागा, मराठीत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि अंगठा देणार असाल तर त्यांच्या टीममधला नसलेला एक साक्षीदार बसवायला सांगा. अभ्यास कशासाठी आहे, कोण करतंय, किती वेळ लागेल, रक्त घेणार का, आतून तपासणार का, ते रक्त नंतर कुठे जाणार, हे सगळं त्यात पाहिजे. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या नियमावलीत हे आहे. सही केलेल्या कागदाची एक कॉपी तुमच्याकडे राहिली पाहिजे, "नंतर देतो" ऐकू नका.

सही तुमचीच. 18 वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची, सासूची परवानगी लागत नाही. लहान मुलींसाठी आईवडिलांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही बघितलं जातं. हे का इतकं ताणून सांगतेय, तर 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास झाला, खम्ममला बऱ्याच मुली हॉस्टेलवरच्या, आणि कितीतरी संमतीपत्रांवर सह्या होत्या वॉर्डन नाहीतर हेडमास्तरच्या, पालकांना पत्ताच नाही. एप्रिल 2010 मध्ये तो थांबवावा लागला, 2013 ला संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगलीच आहे, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टाळते, तिला घाबरू नका, चूक झाली ती सह्यांमध्ये.

प्रश्न विचारताना सासू, जाऊ, शेजारीण तिथेच बसली असेल तर बोलू नका, बाजूला बसू म्हणा. खरं तर हे विचारणाऱ्यानेच करायला हवं. एखाद्या प्रश्नाला "हे नाही सांगणार" म्हणता येतं, मधेच उठता येतं, आणि त्यामुळे तुमची सोनोग्राफी, गोळ्या, बाळाची लस काहीही अडवता येत नाही. कोणी तसं सुचवलं तरी समजा की काहीतरी गडबड आहे.

आता सर्व्हे घेणाऱ्यांसाठी, विशेषतः कॉलेजच्या पोरापोरींसाठी. 18 च्या आतल्या मुलीने शरीरसंबंधाबद्दल सांगितलं, अगदी तिच्या मर्जीने असला तरी, पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याखाली तो गुन्हा धरला जातो आणि कळल्यावर पोलिसांना न कळवणंही गुन्हा आहे. मग तिला "कोणालाच सांगणार नाही" असं वचन कसं देणार तुम्ही? ही मर्यादा पहिला प्रश्न विचारायच्या आधी तिला सोप्या शब्दांत सांगा, सगळं बोलून झाल्यावर सांगणं म्हणजे तिला फसवणंच आहे. आणि फॉर्मवर नावाऐवजी कोड नंबर टाका, नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा, फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

औषधाची किंवा लसीची ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर तिची नोंद असते, मोबाइलवर फुकट बघता येते, नंबर मागून घ्या. ट्रायलमुळे त्रास झाला तर उपचार फुकट मिळतात, नुकसानभरपाईही मागता येते. माहितीपत्रकावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नीट चाललंय का हे बघणाऱ्या समितीचा, असे दोन फोन नंबर असतात, तक्रार असेल तर त्यातला दुसरा लावा.