हँडहेल्डला जोडा हातभर तार

मुंबईहून माथेरानसारख्या सुमारे 800 मीटर उंच डोंगरावर हातात धरायचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच (हँडहेल्ड), घेऊन जाणाऱ्या परवानाधारकांनी दोन मीटर बँडसाठी, म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यासाठी, 49 सेंटिमीटर लांबीची लवचीक तार सोबत अवश्य ठेवावी. तिचे एक टोक अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला पक्के जोडून, मधल्या पिनेला स्पर्श होऊ न देता, तार खाली मोकळी सोडावी. आखूड रबरी अँटेनाला एरवी न मिळणारा दुसरा अर्धा भाग त्यामुळे मिळतो आणि तेवढ्याच वॉटमध्ये आवाज पुष्कळदा अधिक स्पष्ट पोहोचतो. मोबाइल टॉवरला खेटून मात्र उभे राहू नये, कारण तिथल्या प्रबळ लहरींमुळे रिसीव्हर बधिर होऊ शकतो, म्हणजे त्याला क्षीण संदेश ऐकू येईनासे होतात. वळवाचे ढग दिसताच संभाषण थांबवून माथा सोडावा.