लॅपटॉप तापतो, बॅटरी उतरते: दोष शोधताना या चुका टाळा

पडद्यावर एकही प्रोग्राम उघडा नसताना लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत तळाला जाते, तेव्हा बहुतेक जण थेट नवी बॅटरी विचारायला दुकानात जातात. त्याआधी पडद्याआड चालणारी सॉफ्टवेअर तपासावीत. मात्र ती तपासतानाही काही चुका हमखास होतात.

पहिली चूक आकडा वाचण्यात होते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी, उघडला की आपली नजर सर्वांत मोठ्या टक्केवारीकडे जाते. 'डीटेल्स' विभागात 'सिस्टम आयडल प्रोसेस'पुढे 90 किंवा 95 दिसते आणि तोच चोर असे वाटते. वास्तविक तो प्रोसेसरच्या रिकामेपणाचा आकडा आहे, म्हणजे तो मोठा असणेच चांगले. याउलट एखाद्या प्रोग्रामपुढे सतत दिसणारे 12 टक्के किरकोळ वाटतात. विंडोज ही टक्केवारी संपूर्ण प्रोसेसरच्या हिशेबाने दाखवते, त्यामुळे आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोज प्रोसेसरचे जे स्वतंत्र भाग मोजते ते) असलेल्या लॅपटॉपवर त्यांपैकी एक पूर्णपणे अडकून पडला, तरी आकडा साडेबाराच्या वर जात नाही. तेवढ्याने पंखा दिवसभर फिरत राहू शकतो.

म्हणून क्षणाचा आकडा पाहण्यापेक्षा साचलेला वेळ पाहावा. 'डीटेल्स'मधील स्तंभाच्या शीर्षकावर उजवे क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'सीपीयू टाइम' हा स्तंभ जोडला, की सुरू झाल्यापासून कोणत्या प्रोग्रामने प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला हे तास-मिनिटांत दिसते. माझ्या मेव्हण्यांच्या दुकानातील लॅपटॉपवर याच स्तंभाने उलगडा केला. बॅटरी बदलूनही तो तापतच होता. अर्ध्या दिवसात एका क्लाउड सिंक (फाइलींची प्रत इंटरनेटवर आपोआप चढवणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या नावावर तीन तासांहून अधिक वेळ जमा झालेला दिसला. हिशेबाचा डेटा ज्या फोल्डरमध्ये होता, तोच फोल्डर त्यांनी बॅकअपच्या काळजीपोटी सिंकला जोडला होता. प्रत्येक बिलागणिक फाइल बदलायची आणि अपलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. चालू डेटा त्या फोल्डरबाहेर हलवला आणि रात्री दुकान बंद करताना त्याची प्रत आत टाकण्याची सवय लावली, तेव्हापासून पंखा शांत आहे. सॉफ्टवेअरचा यात काहीच दोष नव्हता.

दुसरी चूक म्हणजे यादीत वर दिसेल त्याला 'एंड टास्क' करणे, म्हणजे सक्तीने बंद करणे. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हा विंडोजचाच सुरक्षा पहारेकरी आहे, तर सर्च इंडेक्सर फाइलींची सूची बनवत असतो. मोठ्या अपडेटनंतर किंवा हजारो फोटो उतरवल्यावर ही कामे वाढतात आणि पुरी झाली की थांबतात. त्यांना मध्येच तोडले तर ती पुन्हा सुरू होतात. अशा वेळी लॅपटॉप चार्जरला लावून तास-दोन तास चालू ठेवणे हाच उपाय. दिवसेंदिवस ती थांबतच नसतील, तर मात्र दोन अँटीव्हायरस एकाच वेळी त्याच फाइली तपासत बसलेले नाहीत ना, हे पाहावे.

'वेग वाढवणारी' फुकट सॉफ्टवेअर टाकणे ही तिसरी चूक. आजारी घरात आणखी एक पाहुणा आणण्यासारखे ते आहे. त्याऐवजी टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स' विभागात जाऊन प्रिंटर, गेम आणि मीटिंगच्या सोबत आलेले अनावश्यक मदतनीस बंद करावेत. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो व नेमका कोणता टॅब किंवा एक्स्टेंशन खादाड आहे ते कळते. शिवाय खिडकी बंद केल्यावरही ॲप्स मागे चालू ठेवण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये असते, ती बंद करता येते.

झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकणे याकडे तर कुणी चूक म्हणून पाहतच नाही. अनेक नव्या लॅपटॉपांतील स्लीप म्हणजे पूर्ण झोप नसते. मोबाइलप्रमाणे ते अधूनमधून जागे होऊन मेल आणि अपडेट तपासतात, आणि बंद बॅगेत उष्णतेला वाट नसते. प्रवासाला निघण्यापूर्वी हायबरनेट करावे, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. तो पर्याय दिसत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये तो चालू करता येतो.

मॅकवरील अशाच यादीत 'कर्नेल टास्क' हा सिस्टमचाच भाग सर्वांत वर आलेला दिसला, तर त्याच्यावर राग काढू नये. यंत्र तापल्यावर इतर प्रोग्रामना प्रोसेसर कमी मिळावा यासाठी तोच जागा अडवतो. कारण अन्यत्र शोधावे.

हे सर्व पाहून 'सीपीयू टाइम' शांत असेल आणि लॅपटॉप तरीही तापत असेल, तर पंख्यातील धूळ किंवा गादीवर ठेवल्याने कोंडलेली जाळी तपासावी. टचपॅड वर उचलल्यासारखे किंवा तळ फुगलेला वाटल्यास मात्र पुढची कोणतीही तपासणी न करता चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि बॅटरी स्वतः न उघडता तो तंत्रज्ञाकडे न्यावा.