प्रबंधात आधी रोमन पृष्ठांक, पहिल्या प्रकरणापासून १: अखेर जमलं

ऋणनिर्देश-अनुक्रमणिकेला रोमन आकडे, प्रकरणांना १, २, ३ हवे होते. वर्डमध्ये एकीकडे बदललं की सगळीकडे बदलायचं. पेज ब्रेक टाकला, दोन फायली केल्या, अनुक्रमणिकाच तुटली. दोन रात्री गेल्या, अगदी रडकुंडीला आले.

पेज ब्रेकने फक्त पान बदलतं. आकड्यांची पद्धत ठरते सेक्शनवर, म्हणजे फायलीच्या स्वतंत्र भागावर. म्हणून तो पेज ब्रेक आधी काढा, नाहीतर मध्ये कोरं पान येतं. 'प्रकरण पहिले'च्या अगदी आधी कर्सर ठेवून लेआउट, ब्रेक्स, सेक्शन ब्रेक्सखालचं 'नेक्स्ट पेज'. मग त्याच पानाच्या फूटरवर (तळाच्या पट्टीवर) डबल क्लिक, पेज नंबर, 'फॉरमॅट पेज नंबर्स', 'स्टार्ट ॲट' १. वर जाऊन पहिल्या सेक्शनला रोमन. मुखपृष्ठावर आकडा नको असेल तर तिथे 'डिफरंट फर्स्ट पेज'. शेवटी अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून 'अपडेट फील्ड'.