चंद्रपूरच्या उन्हात टिकणारा डॅशकॅम
मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी उन्हात लावलेल्या गाडीत समोरच्या काचेला हात लावता येत नाही. माझा पहिला डॅशकॅम (काचेवर लावायचा, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा), ४के म्हणजे खूप बारीक तपशील टिपणारा, तिथंच गेला. आधी रेकॉर्डिंग मधेच बंद पडायचं, मग तारीख-वेळ चुकू लागली, आणि एक दिवस मागचं झाकण उचललेलं दिसलं. आतली लिथियम बॅटरी फुगली होती. लगेच काढून टाकला. अशी बॅटरी दाबू किंवा टोचू नका, पेट घेते.

नवा घेताना आधी एकच पाहिलं: बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आहे का? लिथियम बॅटरीला साधारण ६० अंशांपर्यंत झेपतं, कॅपॅसिटर त्याहून जास्त तग धरतो. रिझोल्यूशन ४केपेक्षा कमी, १४४०पी घेतलं. ४केमध्ये प्रोसेसर जास्त तापतो, आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेट मला यातही स्वच्छ वाचता येते. मेमरी कार्ड मात्र हाय एन्ड्युरन्सच (सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं) घ्या, साधं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्यानं लवकर जातं.

कॅमेरा आता आरशाच्या मागे आहे. उन्हाळ्यात पार्किंग मोड (उभ्या गाडीतही चालणारं रेकॉर्डिंग) बंद, आणि गाडी उभी केली की काचेला बाहेरून पडदा. दोन उन्हाळे झाले, घड्याळ एकदाही चुकलेलं नाही.