देशी बियाणं निवडताना या चुका टाळा: परसबाग आणि गच्चीवरच्या बागेसाठी

घरच्या बागेत सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियातून आईसारखंच रोप येतं ते वाण, लावायचं मुख्य कारण एकच आहे: यंदा लावलं, त्याचं बी धरलं, पुढच्या वर्षी तेच पुन्हा उगवलं. म्हणून बियाणं निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हे वाण पुढच्या पिढीत तसंच उतरेल का? माझ्या हवेत ते वाढेल का? आणि माझ्या जागेत त्याचं बी शुद्ध राहील का? बहुतेक जण पाकिटावरचा ‘देशी’ शब्द वाचून थांबतात. पुढे फळ वेगळं आलं, बीच धरलं नाही, नुसता पाला माजला अशा तक्रारी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ निवडीत असतं.

‘देशी’, ‘सेंद्रिय’, ‘सरकारी’ यांचा अर्थ सरळ वाण असा घेणं

हे तिन्ही शब्द वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. सेंद्रिय म्हणजे बी कसं पिकवलं ते. देशी किंवा गावरान या शब्दांना पाकिटावर नेमका अर्थ नाही, कोणीही ते छापतो. संशोधन संस्थेचं नाव असलं तरी वाण सरळच असेल असं नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची वाणं ‘अर्का’ नावाने येतात. त्यातला अर्का विकास टोमॅटो सरळ वाण आहे, अर्का रक्षक मात्र संकरित, म्हणजे दोन वेगळ्या पालकांच्या संकरातून केलेला. मिरचीत अर्का लोहित सरळ, अर्का मेघना संकरित. आडनाव सारखं असलं तरी बी धरण्याच्या दृष्टीने दोन्ही वेगळी.

म्हणून पाकिटावर ‘एफ-१’ (संकराची पहिली पिढी), ‘संकरित’ किंवा ‘हायब्रीड’ लिहिलंय का ते आधी पाहा. काहीच लिहिलं नसेल तर वाणाचं नाव शोधा. नुसतं ‘टोमॅटो, लाल, जास्त उत्पन्न’ एवढंच असेल तर ते पाकीट घेऊ नका. इंटरनेटवर ‘पन्नास भाज्यांचा संच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये बहुधा असंच असतं. निळ्या स्ट्रॉबेरीच्या आणि सप्तरंगी गुलाबाच्या बिया तर निव्वळ फसवणूक आहेत. लेबलवर वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि मुदत असायला हवी. निळी खूणचिठ्ठी प्रमाणित, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेल्या बियाण्याची; हिरवी सत्यप्रत, म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेल्या बियाण्याची.

‘सरळ वाण’ म्हणजे जुनं गावठीच, असाही एक गैरसमज आहे. परभणीच्या विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी, राहुरीचा सम्राट दुधी, दिल्लीच्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेची नवबहार गवार ही सगळी सुधारित आणि तरीही सरळ वाणं आहेत. त्यांचं बी घरी धरता येतं. भेंडीत तर हा फरक फार कामाचा ठरतो. जुनी पुसा सावनी चवीला छान, पण केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) आता लगेच बळी पडते. परभणी क्रांती केवड्याला तोंड देण्यासाठीच तयार केली गेली.

उलट बाजूने, संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेलं असं समजून घाबरण्याचंही कारण नाही. संकरित बी दोन निवडक पालकांच्या संकरातून होतं. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी मिळालेलं जनुकीय पीक आजवर बीटी कापूसच आहे, बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. संकरित टोमॅटो एका हंगामापुरता लावायचा तर जरूर लावा. त्याचं बी धरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात: एका रोपाला मोठी फळं, दुसऱ्याला बारीक, तिसरं रोगट.

स्वयंपाकघरातलं बी पेरून वाणाची अपेक्षा करणं

बाजारातला टोमॅटो, ढोबळी मिरची, खरबूज हे जवळपास सगळं संकरित रोपांवरचं असतं. ते कापून बी लावलं तर उगवेल, पण काय लागेल ते सांगता येणार नाही. बाजारातली काकडी, भेंडी, वांगी तर कोवळीच तोडलेली असतात, त्यातलं बी पक्वच नसतं. मेथी आणि धने मात्र डब्यातलेही चालतात. धने हलके रगडून दोन फाका करून पेरावेत, नाहीतर उगवण विरळ होते. चवळी, मूग, मोहरीही घरची चालते, फक्त ती जुनी किंवा भाजलेली नसावी. गुलाबी-निळा रंग लावलेलं पाकिटातलं बी औषध चोळलेलं असतं. ते खायचं नाही आणि मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही.

हवा आणि दिवसाची लांबी न पाहता वाण मागवणं

परदेशातून आणलेल्या कांद्याच्या बियांची पात भरघोस येते, पण खाली गाठ पोसत नाही. खत वाढवून काहीही होत नाही, कारण अडचण उजेडाच्या तासांत असते. थंड देशांतल्या कांद्याच्या अनेक वाणांना गाठ धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. पुण्यात जूनमधला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. इथे इथलीच वाणं हवीत, आणि तीही हंगाम पाहून. बसवंत-७८० किंवा एन-५३ हे खरिपाचे कांदे, एन-२-४-१ हा रब्बीचा, साठवणीचा. त्यांची अदलाबदल केली तर डेंगळे (फुलांचे दांडे) येतात किंवा गाठ बारीक राहते.

वालाचं याच्या उलट. जुना वेलाचा वाल, पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावून ऑगस्टमध्ये ‘नुसता मांडव भरलाय, फूल नाही’ म्हणून उपटून टाकणारे खूप आहेत. थांबा, तो दसऱ्यानंतर फुलेल. कुंडीत लावायचा असेल आणि इतकं थांबायचं नसेल तर अर्का जयसारखं बुटकं, दिवसाच्या लांबीवर न अडणारं वाण घ्या. वेलाच्या जुन्या वालाची चव मला आजही वरचढ वाटते, पण बारा इंची कुंडी त्याला पुरणार नाही हेही खरं.

मुळ्यात पुसा चेतकी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही जमते, पुसा हिमानी थंडीतली. फुलकोबीत हीच चूक महागात पडते. लवकरचं आणि उशिराचं वाण चुकीच्या महिन्यात लावलं तर गड्डा लिंबाएवढाच राहतो किंवा येतच नाही. पाकिटावर पेरणीचा महिना नसेल तर विकणाऱ्याला विचारा. सांगता आला नाही तर दुसरीकडे जा.

बी इथे धरतच नाही अशा भाज्यांकडून बियाची आशा

पानकोबी, बीट, थंडीतलं नँटीज गाजर, उशिराची स्नोबॉल फुलकोबी ही सरळ वाणं आहेत, पण फुलायला त्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. त्यांचं बी हिमाचल, काश्मीरसारख्या डोंगराळ भागात तयार होतं. मैदानी महाराष्ट्रात कोबीचं झाड वर्षभर सांभाळलं तरी शेंगा येत नाहीत. या भाज्या खाण्यासाठी लावा, बी दरवर्षी विकत घ्या. गाजराचं बी घरी धरायचंच असेल तर पुसा केसरसारखं उष्ण हवेतलं वाण निवडा, ते मैदानातही फुलतं.

परागीभवन न ओळखता वाणांची गर्दी करणं

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि निवड करतानाच तिचा विचार करायला हवा. टोमॅटो, वाटाणा, मेथी, चवळी, फरसबी यांचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. दोन-तीन वाणं शेजारी लावली तरी फारसं बिघडत नाही. वांगी, भेंडी आणि मिरची स्वतःच्या परागावर फळतात, पण मधमाशी आली की मिसळतातही. भोपळावर्गातल्या सगळ्या वेलभाज्या, मुळा, कांदा, राजगिरा, मका यांचा पराग माश्या किंवा वारा दूरवर नेतो.

म्हणून गच्चीवर ढोबळी मिरची आणि लवंगी शेजारी ठेवली की यंदाची ढोबळी ढोबळीच राहते. तिचं बी लावल्यावर पुढच्या वर्षी काही रोपांच्या मिरच्या तिखट निघतात. फळाचा गर आईचा असतो, परक्या परागाचा परिणाम बियांतल्या पिढीत दिसतो. शेजारच्या कारल्यामुळे यंदाची काकडी कडू झाली ही समजूत त्यामुळेच खरी नाही, शिवाय या दोघांचा संकरही होत नाही. काकडी कडू होते ती ऊन, पाण्याचा ताण आणि वाणाचा गुण यांमुळे. मका अपवाद आहे: मक्याचा दाणा म्हणजेच बी, म्हणून पिवळ्या-पांढऱ्या मक्याची मिसळ त्याच कणसात दिसते.

दुधीबाबत मात्र सावध राहा. मिरजेच्या तानपुऱ्यांसाठी पंढरपूर भागात जो कडू भोपळा पिकवला जातो, तो आणि आपला दुधी एकाच जातीचे. कडूपणा अशा संकरातून बियात उतरू शकतो. घरचं बी लावलेला दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघावा. कडू लागला तर पूर्ण फळ टाकावं, रस तर अजिबात पिऊ नये, आणि त्या वेलाचं बी ठेवू नये. कडू दुधीतलं द्रव्य उलट्या, जुलाब, रक्तस्राव करू शकतं आणि त्याने मृत्यूही झालेले आहेत. इथे काटकसर नको.

उपाय सोपे आहेत. वांगी-मिरचीच्या एका फांदीवर कळ्या उमलण्याआधीच जाळीदार कापडी पोटली बांधावी. लग्नात भेटवस्तूसाठी देतात तीही चालते. रोज सकाळी फांदी हलकी हलवावी आणि फळ धरलं की पोटली काढून तिथे रंगीत दोरा बांधावा. वेलभाज्यांत आदल्या दिवशी उमलायच्या बेतात असलेली एक नर आणि एक मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवायची आणि उमलण्याच्या वेळी हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधायचं. काकडी, कारलं, भोपळा सकाळी उमलतात, दुधी आणि दोडका संध्याकाळी. हे जमणार नसेल तर प्रत्येक वेलभाजीचं एकच वाण निवडा. सोसायटीत शेजारच्या गच्चीवर काय लावलंय तेही विचारून घ्या, कारण मधमाशीला भिंत नसते.

फुलांचं बी ‘कुठलंही चालतं’ असं समजणं

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून चुरगळून पेरणारे खूप असतात आणि उगवण पाहून खट्टू होतात. तोरणाचं फूल ताजं तोडलेलं असतं, त्यातलं बी भरलेलंच नसतं. शिवाय बाजारातला झेंडू आता बहुतेक संकरित आहे. आफ्रिकन आणि फ्रेंच झेंडूच्या संकरातली काही वाणं तर बीच धरत नाहीत. बी धरायचं तर पुसा नारंगी, पुसा बसंती यांसारखं सरळ वाण घ्या आणि फूल झाडावरच देठासकट वाळू द्या. मात्र पुसा नारंगीला पेरणीपासून फुलायला सुमारे चार महिने लागतात. दसऱ्याला फुलं हवी असतील तर श्रावणात पेरून उपयोग नाही, जूनच्या सुरुवातीलाच रोपं टाकायला हवीत.

अॅस्टर मला घरच्या बियासाठी सगळ्यांत समाधान देणारं फूल वाटतं. ते बहुतांशी स्वतःच्या परागावर फळतं, त्यामुळे ‘फुले गणेश व्हाईट’ किंवा ‘फुले गणेश पिंक’ ही वाणं पुढच्या वर्षीही रंग राखतात. पण त्याचं बी लवकर मरतं, वर्षाच्या आत पेरावं. तेरडा आणि गोकर्णही घरच्या बियावर चांगले चालतात. तेरड्याची शेंग पिवळसर होताच काढावी, नाहीतर ती फुटून बी उडून जातं. झिनिया आणि कॉसमॉस माश्यांवर फळतात, त्यांचे रंग मिसळणार. एकच रंग हवा असेल तर एकच लावा, मिसळ आवडत असेल तर बिनधास्त सगळे एकत्र लावा. हिवाळ्यात रोपवाटिकेत मिळणारे पेटुनिया बहुतेक संकरित असतात, त्यांच्याकडून बियाची अपेक्षा नको.

जुनं, दमट किंवा उगवण न तपासलेलं बी पेरणं

शासकीय मानकानुसार टोमॅटो आणि वांग्याची किमान उगवण ७० टक्के, भेंडीची ६५, मिरचीची ६० टक्के असते. म्हणजे चांगल्या मिरचीच्या दहा बियांतून सहा रोपं आली तरी दुकानदाराचा दोष नाही. भेट मिळालेलं बी आधी तपासा: दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि आठवडाभराने मोजा. मिरचीला थोडं जास्त थांबा.

कांद्याचं बी वर्षभरात निकामी होतं, भेंडीचं साधारण दोन वर्षांत, टोमॅटो आणि वेलभाज्यांचं नीट ठेवलं तर चार वर्षं टिकतं. कोकणातल्या दमट हवेत ही मुदत झपाट्याने कमी होते. बियातली ओल एक टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून सावलीत चांगलं सुकवून, चाळलेली कोरडी राख घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

बियाबरोबर त्याची माहिती न घेणं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती स्थानिक बियाणं जपण्याच्या कामासाठी. गावोगाव अशा बाया आहेत, त्यांच्याकडे घेवड्याचे, वालाचे, भोपळ्याचे वाण जिवंत आहेत. त्यांच्याकडून किंवा आठवडी बाजारातून बी मिळालं तर पुडी खिशात घालून परत येऊ नका. हे कुठल्या महिन्यात लावता? वेल आहे की झुडूप? शेजारी दुसरं वाण होतं का? बी कुठल्या फळाचं ठेवलंत, पहिल्या की शेवटच्या?

हा शेवटचा प्रश्न तर आवर्जून विचारा. खाऊन उरलेल्या, वेलाच्या टोकावरच्या रोगट फळाचं बी वर्षानुवर्षं धरलं तर चांगलं वाणही बिघडत जातं. पालेभाजीत सगळ्यांत आधी तुऱ्यावर येणाऱ्या रोपाचं बी गोळा करणं सोपं असतं. तसं करत गेलं की पुढे भाजी पानं देण्याआधीच फुलायला लागते. बी ठेवायचं ते उशिरापर्यंत पानं देणाऱ्या रोपाचं. मिळालेली उत्तरं वाणाचं नाव, गाव आणि वर्ष यांसह पुडीवरच पेन्सिलने लिहून ठेवा, शाई दमट हवेत पसरते.