नोकरी सांभाळून कोर्टाची कादंबरी: जॉन ग्रिशम यांची पद्धत

1984 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका कोर्टात बारा वर्षांच्या बलात्कारित मुलीची साक्ष चालू होती. ती ऐकणाऱ्या जॉन ग्रिशम या तरुण वकिलाला प्रश्न पडला: हिच्या बापाने आरोपींना मारून टाकलं असतं, तर? त्यातून ‘अ टाइम टू किल’ ही कादंबरी आली. तुम्हीही आधी असाच, उत्तर देताना वाचकाची दोन मनं होतील असा प्रश्न शोधा. नुसता ‘खून कोणी केला’ एवढ्यावर खटला शेवटपर्यंत ओढ धरत नाही.

मग शेवट ठरवा. शेवटचा प्रसंग कळल्याशिवाय पहिला लिहू नये, हा ग्रिशम यांचा नियम. प्रकरणवार आराखडा काढा: कोणता पुरावा कधी बाहेर येतो, तोवर तो कोणाकडे असतो. बहुतेक हस्तलिखितं मधेच अडकतात ती इथेच. निकाल फिरवणारा साक्षीदार आयत्या वेळी उपटतो आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या प्रकरणात पाचच पात्रं पुरेत. वीस नावं आली की वाचक मागची पानं चाळत बसतो.

लिहायचं रोज एक पान, ठरल्या जागी, ठरल्या वेळी. ग्रिशम पहाटे पाचला उठून, कोर्टात जाण्याआधी लिहीत. पान म्हणजे साधारण 200 शब्द. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी 1,000, आणि दोन वर्षांत लाखभर. त्यांना पहिल्या पुस्तकाला तीन वर्षं लागली.

मराठीत लिहिताना एक गोष्ट जपा. त्यांच्या काही कथांचा कळस ज्यूरीसमोरच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोरच्या, भाषणात असतो. आपल्या सत्र न्यायालयात ज्यूरी नाही, निकाल न्यायाधीश देतात. म्हणून ताण उलटतपासणीत आणा. त्यासाठी सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून एक उलटतपासणी पूर्ण ऐका. वकील आधीच्या जबाबातली ओळ साक्षीदारासमोर धरतो, साक्षीदार अडखळतो, न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगतात; ही संथ लय सिनेमातून कळत नाही. बलात्काराचे खटले मात्र बंद दाराआड चालतात.

पुस्तक पुरं झालं की दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू करा. ‘अ टाइम टू किल’ अनेक प्रकाशकांनी नाकारली. 1989 मध्ये निघाली ती 5,000 प्रतींची, त्यातल्या 1,000 ग्रिशम यांनीच विकत घेतल्या. पण तोवर ‘द फर्म’ लिहिणं चालू होतं. 1991 मध्ये ती आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत 47 आठवडे राहिली.