एमएमएच्या लढतीवर पैज लावायची तर आधी वही काढा

रविवारी सकाळी बेळगावच्या शहापुरात एका मित्राच्या माडीवर आम्ही सात-आठ जण जमतो. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा पिंजऱ्यातला खेळ, आणि यूएफसी ही त्याच्या लढती भरवणारी अमेरिकेतली कंपनी. त्यामुळे यूएफसीच्या मोठ्या लढती आणि पहिला चहा एकाच वेळी येतात. आमच्यात एक मामा आहेत, तरुणपणी तालमीत घुमलेले, आनंदवाडीच्या आखाड्यात माती अंगाला लागलेले. बाकीचे आम्ही टीव्हीसमोरचे पैलवान. कोण जिंकणार यावर पैजा लागतात, वादही होतात. गेल्या काही वर्षांत या पैजांना जी शिस्त लागली, ती इथे सांगतो.

पैज म्हटली की पैशाचा प्रश्न येतो, तो आधी मिटवू. केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे पोचते करणं यांवर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा देशभराचा आहे, म्हणजे शिनोळीला हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात गेलं की ॲप उघडायला मोकळे, ही नुसती गावगप्पा. आमचा भाचा असल्याच एका ॲपवर जिंकलेले ११ हजार काढायला गेला, तर ‘आधी टॅक्स भरा’ असा निरोप आला. त्यानं तोही भरला. मग ॲपच गायब. तक्रार करायची तर कुठल्या तोंडानं? मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान गल्लीत दिसायचा तरी.

म्हणून आमची पैज गुणांची. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला १,००० गुण. एका लढतीवर २० गुणांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. सलग तीन हरला म्हणून चौथीला दुप्पट लावून वसुली करायची नाही. गुणांवरसुद्धा हा मोह कसा सुटतो ते बघा, मग पैशावर काय होत असेल याचा अंदाज येईल.

आता वही. शाळेतली दोनशे पानी पुरते. पानावर रकाने पाडा: तारीख, लढत, बाजारातला भाव, माझा टक्का, कारण, निकाल. भाव म्हणजे १ लावला तर जिंकल्यावर किती परत मिळतात तो आकडा, आणि टक्का म्हणजे जिंकायची शक्यता. ‘कारण’ हा रकाना रुंद ठेवा. नोंद लढतीच्या आधी, पेनानं. पेन्सिल चालणार नाही, कारण निकालानंतर ‘मला वाटतच होतं’ म्हणणाऱ्यांची आमच्याकडे कमी नाही. त्यातला एक मीच.

भाव कळला नाही तर टक्का काढता येत नाही. परदेशात बऱ्याच ठिकाणी हा धंदा कायदेशीर आहे, तिथले भाव बातम्यांत छापून येतात. समजा एका लढवय्याचा भाव १.४० आणि समोरच्याचा ३.०० आहे. १०० ला भावानं भागा. पहिल्याचे येतात ७१.४, दुसऱ्याचे ३३.३. बेरीज १०४.७. शंभराच्या वरचे जे पावणेपाच, ती पैज घेणाऱ्या दुकानदाराची कमाई. ती काढून टाकली, म्हणजे ७१.४ ला १०४.७ नं भागलं, की पहिल्याला बाजार खरोखर किती देतोय ते कळतं: ६८ टक्क्यांच्या आसपास. आता वहीत तुमचा टक्का लिहा. तुम्हीही ६८ च म्हणत असाल तर पैज लावण्यात अर्थ नाही, लढत नुसती बघा. समोरच्याला बाजार ३२ देतोय आणि तुमच्या मते त्याला ४० आहेत, तरच हात घाला. तो बहुतेक हरेलच, तरी पैज बरोबर असू शकते. ही गोष्ट आमच्या गटात पचायला एक अख्खं वर्ष गेलं.

चार फॅव्हरिट, म्हणजे बाजाराच्या मते जिंकणारे लढवय्ये, एकत्र बांधून मोठा भाव मिळवायची एक युक्ती असते; चारही जिंकले तरच पैज लागते. तिच्या नादी लागू नका. १.४० चे चार एकत्र केले की ३.८४ भाव दिसतो आणि तोंडाला पाणी सुटतं. पण ६८ टक्क्यांच्या चारही लढती लागायची शक्यता २२ टक्क्यांच्या आत. एका लढतीत रुपयामागे साडेचार पैसे जात होते, ते इथे १७ पैसे जातात.

मग टक्का ठरवायचा कसा? इथं आमच्या मामांची नजर कामाला येते, आणि तीच नजर फसतेही.

कुस्ती बघून वाढलेल्या माणसाला पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं, चटकन कळतं. अमेरिकन समालोचक ज्याला टेकडाउन म्हणतात तो मामांना आधीच दिसतो, खांदा खाली गेला की म्हणतात, “आता घेतोय बघ की.” पण आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, हलगी वाजते. एमएमएत तिथून खेळ सुरू होतो. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, ती जिंकली रॉयस ग्रेसी या किरकोळ अंगाच्या ब्राझिलियन माणसानं, आणि तेही बॉक्सर, कुस्तीगीर अशांना जमिनीवर नेऊन, शरण आणून. पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. त्याचे पाय समोरच्याच्या कमरेला विळखा घालून असतील तर उलट वरच्यानंच मान सांभाळावी. सुरुवातीला मामा अशा प्रत्येक वेळी “झालं, चीत!” म्हणून चहाचा कप खाली ठेवायचे, आणि तीस सेकंदांत वरचाच हात आपटून शरण यायचा.

तेव्हा कुस्तीगीर विरुद्ध ठोसेबाज अशी जोड असेल तर दोन प्रश्न विचारा. ठोसेबाजाला खाली पाडल्यावर तो किती वेळात उठतो? आणि पाडणाऱ्याचा दम तिसऱ्या फेरीपर्यंत टिकतो का? साधी लढत ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, विजेतेपदाची ५ फेऱ्यांची. ज्याच्या सगळ्या लढती पहिल्या फेरीत संपल्यात, त्याच्या दमाबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही, हे ‘कारण’ रकान्यात लिहून ठेवा. जुन्या लढतीची दुसरी फेरी आवाज बंद करून बघा. समालोचक ज्याचं कौतुक करतात त्याच्याकडेच डोळा जातो, म्हणून आवाज बंद. मामा पाय बघतात. टाच जमिनीवर टेकायला लागली, तोंड उघडं पडलं, की दम गेला. पट काढायचे तेव्हा त्यांच्या वस्तादांनी हेच शिकवलेलं.

वजनाकडे लक्ष ठेवा. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, आपल्याकडे तेव्हा बहुधा शुक्रवारची रात्र असते. लाइटवेटची हद्द १५५ पौंड, म्हणजे ७०.३ किलो. त्यात बसायला हे लोक अंगातलं पाणी घालवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत भरून काढतात. तराजूवर उभा राहताना ज्याला आधार लागतो, गाल आत गेलेत, त्याचा टक्का मी उतरवतो. आमच्या गटाची पक्की नोंद वजन बघितल्यानंतरच होते. ऐन वेळी बदली म्हणून आलेला, वर्ष-दीड वर्ष न लढलेला, गेल्या वेळी नॉकआउट झालेला, हेही बघा, पण त्यांच्या मागे फार धावू नका.

निकाल पंचांकडे गेला तर काय होतं, याचं उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीन पंचांचे गुण होते ३०-२७, २७-३० आणि २९-२८. एकानं तिन्ही फेऱ्या तिला दिल्या, दुसऱ्यानं तिन्ही समोरचीला! लढत तीच, पिंजरा तोच. दोघंही सावध, गुणांवर खेळणारे असतील तर तुमचा टक्का ५० च्या जवळ ओढा.

आणि आपला माणूस. अंशुल जुबली न हरता यूएफसीत पोचला, ऑक्टोबर २०२३ मध्ये अबू धाबीला लढला. आमच्या माडीवर सगळ्यांनी त्याला ८० च्या वर टक्के दिलेले. तिसऱ्या फेरीत तो नॉकआउट झाला. वहीतला ‘कारण’ रकाना नंतर उघडला तर चार जणांनी एकच शब्द लिहिलेला: ‘आपला’. तेव्हापासून भारतीय लढवय्यावर कुणी गुण लावत नाही, फक्त ओरडायचं.

लढत चालू असताना बदलत्या भावावर पैज लावायची नाही, हाही नियम केला. ऑगस्ट २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला कमारू उस्मान चारपैकी तीन फेऱ्या घेऊन पुढे होता, लिओन एडवर्ड्स दमलेला दिसत होता. शेवटचं मिनिट उरलं असताना एडवर्ड्सची लाथ डोक्यावर बसली आणि विजेतेपदाचा पट्टा फिरला. पाचव्या फेरीत आमच्यातला एक जण उस्मानवर उरलेले सगळे गुण लावायला निघाला होता. वेळेत हात धरला म्हणून वाचला, नाहीतर ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत नुसताच चहा ओतत बसला असता.

भाव अचानक, कारण नसताना पडला तर त्या लढतीपासून लांब राहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका लढतीआधी काही तासांत भाव असाच हलला, आणि त्यातला एक लढवय्या पहिल्या फेरीतच पायाच्या दुखापतीनं कोसळला. त्यावर चौकशी बसली. आत कुणाला काय माहीत असतं, ते माडीवर बसून कळत नाही.

पन्नास नोंदी झाल्या की हिशेब करा. त्याआधी केला तर नुसतं नशीब दिसतं. ज्या लढतींना तुम्ही ५५ ते ६५ टक्के दिलेत त्या वेगळ्या काढा. त्यातल्या दहापैकी सहाच्या आसपास लागल्या असतील तर डोळा ठीक आहे. ७५ च्या वर दिलेल्यांतल्या निम्म्याच लागल्या असतील, तर तुम्ही छाती ठोकून चुकताय. माझं नेमकं तेच निघालं. मामांचं पान बघितलं तर त्यांनी पन्नासपैकी एकतीस लढतींवर काहीच लावलेलं नव्हतं. ‘माझा टक्का’च्या रकान्यात फक्त आडवी रेघ. विचारलं, तर म्हणाले, “जोड बरोबरीची असली की वस्ताद काय करायचे? गप बसून बघायचे.”

वर्षाअखेरीला ज्याचे गुण सर्वांत कमी, तो कुंदा आणतो. गेल्या डिसेंबरात मी अर्धा किलो आणला.